विश्लेषण : पुलंची पेटी, आकाशवाणीचा माइक आणि ‘अपूर्वाई’चा प्रवास

कारंजा लाड : वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या सार्वजनिक वाचनालयात ‘अपूर्वाई’ मागितले, तर बहुधा शिवण उसवलेली आणि पुठ्ठा पुन्हा चिकटवलेली प्रत हाती येते. पु. ल. देशपांडे यांच्या या पुस्तकाने तीन पिढ्यांना घरबसल्या इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी दाखवली. मात्र लेखकाला विलायतेला पाठवले होते ते आकाशवाणीने, आणि पाठवले होते ते कामासाठी, हे अनेक वाचकांच्या लक्षात राहत नाही. ज्या आकाशवाणीत ते नोकरीला होते, तिथे त्यांच्या आवडत्या वाद्याला प्रवेश नव्हता, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक आहे. विनोदी लेखक म्हणून सर्वांना माहीत असलेल्या पुलंच्या आयुष्यातली रेडिओ, प्रवास आणि गाणे ही तीन सूत्रे एकत्र पाहिली की त्यांच्या प्रवासवर्णनाची जादू नेमकी कुठून आली, याचा उलगडा होतो.

सुरुवातीचे दिवस कसे होते?

पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईत गावदेवी भागातला. बालपण जोगेश्वरीला आणि मग पार्ल्यात गेले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत आणि रवींद्रनाथ टागोरांची ‘गीतांजली’ त्यांनी अभंगात आणली होती. घरात पुस्तके होती, गाणे होते, पण पैसा बेताचाच. पुलंचे शिक्षण सुरू असतानाच वडील गेले आणि घराचा भार अंगावर आला. शिकवण्या, कारकुनी, पेटीची साथ, भावगीतांचे कार्यक्रम असे मिळेल ते काम करत त्यांनी शिक्षण पुरे केले.

पुढे मुंबईच्या शाळेत मास्तरकी, बेळगावच्या महाविद्यालयात प्राध्यापकी आणि मग चित्रपट. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सगळे त्यांचेच होते. ‘सबकुछ पु. ल.’ हा शब्दप्रयोग त्या चित्रपटापासून रूढ झाला. त्याच वर्षीच्या ‘देवबाप्पा’तले, गदिमांनी लिहिलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले ‘नाच रे मोरा’ आजही बालवाडीत वाजते, त्याची चाल पुलंची. तरीही चित्रपटात त्यांचे मन रमले नाही. वयाच्या पस्तिशीपर्यंत त्यांनी इतकी कामे धरली आणि सोडली होती, की एखाद्या नातेवाइकाने ‘पोराचे एकाही ठिकाणी बूड टेकत नाही’ असे म्हटले असते तर नवल नव्हते.

यात एक धागा मात्र तुटला नाही, तो रेडिओचा. १९३७ पासून, म्हणजे अठराव्या वर्षापासून, ते मुंबई नभोवाणीवर छोट्या-मोठ्या नाटिकांत भाग घेत होते. सुरुवातीच्या श्रुतिकांतली एक ‘पैजार’, तिचे लेखक अनंत काणेकर. याच काणेकरांनी पुढे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) हे युरोप-रशियाच्या प्रवासाचे पुस्तक लिहिले आणि मराठी प्रवासवर्णनाला स्थळांच्या यादीतून बाहेर काढले. ज्याच्या संवादांवर पुलंनी आवाज तयार केला, तोच लेखक प्रवासवर्णनातला त्यांचा पूर्वसुरी ठरावा, हा योग मोठा गमतीचा आहे.

आकाशवाणीत पेटीला बंदी का होती?

पुल १९५५ मध्ये आकाशवाणीच्या नोकरीत रुजू झाले. ते वर्ष मराठी रेडिओच्या भरभराटीचे. १ एप्रिलपासून पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झाले होते. रेडिओ घरात ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. त्यामुळे ज्याच्याकडे संच, त्याच्या ओसरीवर आळी जमायची.

या आकाशवाणीत हार्मोनियमला, म्हणजे आपल्या पेटीला, मार्च १९४० पासून बंदी होती. कारणे दोन सांगितली जात. एक म्हणजे पेटीचे स्वर ठरलेले. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारता येते, पण सतारीसारखी किंवा सारंगीसारखी मींड घेता येत नाही. दोन स्वरांमधल्या बारीक जागा तिच्यात सापडत नाहीत. दुसरे म्हणजे ती परकी. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले, हाताने भाता मारून मांडी घालून वाजवायचे तिचे रूप नंतर कोलकात्यात घडले. आकाशवाणीच्या दिल्लीतल्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नकोशी होती आणि तिला आकाशवाणीतून हटवावे, असे त्यांनी कळवलेही होते. ही बंदी १९७१ च्या सुमारास अंशतः उठली. म्हणजे पुलंच्या नोकरीची सगळी वर्षे बंदीतच गेली.

आता या माणसाच्या बाजूने पाहा. लहानपणी पार्ल्यात दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे पेटी शिकलेला, तिच्यावरच शिक्षणाचा काही खर्च काढलेला, आणि गोविंदराव टेंब्यांच्या पेटीने वेडावलेल्या महाराष्ट्रात वाढलेला. ज्या टागोरांची कविता त्याच्या आजोबांनी मराठीत आणली, त्याच टागोरांनी त्याच्या वाद्याला नकार दिलेला. पुलंनी दोघांनाही सोडले नाही. पेटी शेवटपर्यंत वाजवली आणि टागोरांसाठी पन्नाशीत बंगाली शिकले.

बंदीचा युक्तिवाद शास्त्र म्हणून चुकीचा नव्हता, हे मान्य करायला हवे. मींड पेटीतून निघत नाही, हे पेटीवालेच आधी सांगतील. पण आकाशवाणी जेव्हा स्वरांचे सोवळे पाळत होती, तेव्हा गावोगावच्या भजनी मंडळांत, कीर्तनात आणि नाटकाच्या पिटात पेटीशिवाय पान हलत नव्हते. कारंज्यासारख्या गुरुपीठाच्या गावात तर आरतीनंतरचे भजन पेटी-तबल्यावाचून उभेच राहत नाही. सरकारी कानाला जे हिणकस वाटले, ते लोकांच्या कानाला घरचे होते. पुलंचा कान या दुसऱ्या बाजूचा, आणि नोकरी पहिल्या बाजूची. ते काहीसे दोन घरचे पाहुणे होते. त्यांच्या लेखनात थोर-मोठ्यांची भीड नाही आणि साध्या माणसाची टवाळीही नाही, याचे एक मूळ इथे असावे.

लंडनला ते नेमके कशासाठी गेले?

आकाशवाणीत पुलंकडे नाट्यविभागाची मोठी जबाबदारी होती. भारतात दूरचित्रवाणी आणायचे ठरत होते आणि त्यासाठी माणसे तयार करायची होती. १९५८ मध्ये पुलंना बीबीसीत प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले. सोबत सुनीताबाई होत्या. लंडनमधले वास्तव्य आणि फ्रान्स व तत्कालीन पश्चिम जर्मनीतली भटकंती यातून ‘अपूर्वाई’ उभी राहिली आणि १९६० मध्ये पुस्तकरूपात आली.

परतल्यावर ते दिल्लीत दूरचित्रवाणीच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक झाले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी तिथे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले तेव्हा कार्यक्रम आठवड्यातून मोजकेच दिवस, तेही तासभर, आणि दिल्लीच्या आसपास मूठभर संचांवर दिसत. भारतीय दूरचित्रवाणीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान पुलंकडे जातो. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे मराठीतल्या या पहिल्या दूरचित्रवाणी निर्मात्याचे पडद्यामागचे काम मराठी मुलखाने त्या काळी पाहिलेच नाही. महाराष्ट्राने त्यांना ऐकले, वाचले आणि पुढे रंगमंचावर पाहिले.

माइकने प्रवासवर्णनाला काय दिले?

रेडिओसाठी लिहिणे आणि छापण्यासाठी लिहिणे यात एक साधा फरक आहे. छापलेले वाक्य कळले नाही तर डोळा मागे जातो. रेडिओवरचे वाक्य एकदा गेले की गेले. म्हणून रेडिओचा लेखक एका वाक्यात एकच गोष्ट सांगतो, नाव आधी उच्चारतो आणि तपशील मागून देतो. श्रुतिकेत चार पात्रे असतील तर ती कपड्यांवरून ओळखता येत नाहीत. एकाची बोलायची ढब दुसऱ्यापेक्षा वेगळी ठेवावी लागते, नाहीतर ऐकणारा गोंधळतो. आणि बोलणाऱ्याने उपदेश सुरू केला की श्रोता बटण फिरवतो. त्याला धरून ठेवायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःचीच थोडी फजिती सांगणे.

हे डोक्यात ठेवून ‘अपूर्वाई’ पुन्हा वाचली, तर पानोपानी रेडिओ ऐकू येतो. विलायतेला निघण्याआधी ओळखीपाळखीचे लोक जे सल्ले देतात, तो भाग म्हणजे सरळ श्रुतिका आहे. प्रत्येक सल्लागार दोन वाक्यांत आवाजाने उभा राहतो आणि तिसऱ्या वाक्यात जातो. परदेशातही पुलंची नजर इमारतीवर फार टिकत नाही. ते घरमालकिणीचे, दुकानदाराचे, गाडीतल्या सोबत्याचे बोलणे टिपतात. स्थळाची लांबी-रुंदी विसरली जाते, पण तिथे भेटलेला माणूस कसा बोलला ते लक्षात राहते. काणेकरांनी प्रवासवर्णनात विचार आणला, गंगाधर गाडगीळांनी ‘सातासमुद्रापलीकडे’मध्ये नवकथेची नजर आणली. पुलंनी त्यात कान आणला, असे म्हणता येईल.

‘पूर्वरंग’ (१९६३) मध्ये हा कान आणखी मोकळा झाला आहे. आग्नेय आशिया आणि जपानच्या या प्रवासात बाली बेटावरचे नृत्य-संगीत त्यांना भारून टाकते. जिथे भाषा कळत नाही तिथे ते ताल ऐकतात. अनोळखी देशात ओळखीचे काहीतरी सापडल्याचा आनंद त्या पुस्तकात जागोजागी आहे. ‘अपूर्वाई’ अधिक लोकप्रिय असली, तरी प्रवासी म्हणून पुलंची खरी ऐपत ‘पूर्वरंग’मध्ये दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विलायतेबद्दल मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनात आधीच एक चित्र होते, त्याच्याशी खेळून हशा मिळवता येत होता. पूर्वेकडच्या देशांचे असे तयार चित्र नव्हते. तिथे स्वतःच पाहावे आणि ऐकावे लागले.

त्यांच्या आवडीचे गाणे कोणते, आणि त्यात मूर्तिजापूर कुठून आले?

पहिले नाव बालगंधर्वांचे. ही भक्ती आयुष्यभराची. पुण्यातले बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) उभे राहताना पुलंनी त्यात जातीने लक्ष घातले होते. कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर ही त्यांची दैवते, भीमसेन जोशी जवळचे. ‘गुळाचा गणपती’तले गदिमांचे ‘इंद्रायणी काठी’ भीमसेनांनी गायले आणि त्याची चाल पुलंची आहे, हे सांगितल्यावर आजही ऐकणारे चमकतात. भावगीतांत माणिक वर्मा आणि जितेंद्र अभिषेकी यांनी त्यांच्या चाली घराघरांत नेल्या. मंगेश पाडगावकरांचे ‘शब्दावाचून कळले सारे’ अभिषेकींच्या आवाजात ऐकताना चाल कोणाची, हा प्रश्नच मनात येत नाही, आणि चालीचे कौतुक याहून वेगळे ते काय असते?

मूर्तिजापूरचा संबंध वसंतराव देशपांडे यांच्यामुळे. २ मे १९२० रोजी त्यांचा जन्म तिथे झाला. कारंज्याहून मूर्तिजापूर तीस-बत्तीस किलोमीटर. दोन्ही गावे एकेकाळी अरुंदमापी ‘शकुंतला’ रेल्वेने जोडलेली होती. कापूस वाहून नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने टाकलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही लाइन कारंज्यावरून जायची. आता ती बंद आहे. वसंतरावांना आईने नागपुरात एकटीने वाढवले. पुढे ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात चोवीस वर्षे नोकरी करत राहिले, आणि गाणे फावल्या वेळचे म्हणून गणले गेले. घराण्याचा शिक्का नसलेला, सगळीकडून घेतलेला आणि कुणासारखाच नसलेला असा तो गळा. तो लोकांपर्यंत पोहोचायला ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधले खाँसाहेब उभे राहावे लागले.

वसंतरावांच्या गाण्यावर पुलंचा जीव होता. ‘गुळाचा गणपती’तले युगुलगीत त्यांनी आशा भोसले यांच्यासोबत वसंतरावांकडून गाऊन घेतले, ते ‘कट्यार’च्या चौदा वर्षे आधी. मैफलीत वसंतराव गाताहेत आणि साथीला पुल पेटीवर, हे दृश्य त्या पिढीने डोळे भरून पाहिले. गायक अनपेक्षित ठिकाणी वळण घेतो तेव्हा साथीदाराला ते क्षणभर आधी कळावे लागते. आयता स्वर देणाऱ्या पेटीतून मींड निघत नसली, तरी पुढच्या जागेचा अंदाज निघतो, आणि तो अंदाज बोटांत नसतो, कानात असतो. पोटापाण्यासाठी सरकारी नोकरी आणि जिवासाठी सूर, ही दोघांची परिस्थितीही सारखीच. फरक इतकाच की पुलंनी नोकरी लवकर सोडली.

चांगली नोकरी का सोडली?

१९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकपात्री प्रयोग म्हणून रंगमंचावर आली. एकच माणूस, जवळजवळ मोकळा रंगमंच आणि त्यात अख्खी चाळ. वीसेक वर्षे रेडिओवर आवाज बदलण्याचा सराव झालेला होता, तो प्रेक्षकांसमोर आला. त्याच सुमारास पुलंनी सरकारी नोकरी सोडली. विचारात घेण्यासारखी गोष्ट अशी, की वय तेव्हा चाळिशी उलटलेले, पेन्शनची वाट दिसत होती आणि एकपात्री प्रयोगावर घर चालते, असे मराठीत तोवर कुणी दाखवलेले नव्हते. पुढे ‘वाऱ्यावरची वरात’ आली, प्रयोग हाऊसफुल्ल झाले आणि पैसा आला. तो कुठे गेला, हे अधिक महत्त्वाचे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मार्फत त्यातला मोठा वाटा सामाजिक संस्थांना गेला. पुण्यातले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, ते पुल-सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या आनंदवनाशी या दोघांचे नाते तर घरच्यासारखे होते. हिशेबाची वही सुनीताबाईंच्या हाती होती आणि ती चोख होती. शिकवण्या घेऊन शिकलेल्या माणसाला पैशाची किंमत कळत असतेच. ती इतरांच्या गरजेवरून ठरवणे हे या जोडप्याचे वेगळेपण.

‘वंगचित्रे’ (१९७४) हा प्रवास तर कुणी पाठवले म्हणून झाला नाही. नाव, पैसा, पुरस्कार सगळे मिळाल्यावर पन्नाशीतला हा माणूस शांतिनिकेतनात विद्यार्थी होऊन राहिला आणि बंगालीची बाराखडी गिरवत बसला. बाउल गायकांपासून रवींद्रसंगीतापर्यंत सगळे त्याला मुळातून ऐकायचे होते. अनुवादावर भागवायची त्याची तयारी नव्हती.

वऱ्हाडाच्या वाट्याला काय आले?

विदर्भातल्या वाचकाची पुलंबद्दल एक जुनी कुरकुर आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. त्यांचे जग गिरगाव, पार्ले, पुणे, बेळगाव, कोकण या पट्ट्यातले. ‘मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर’ या गाजलेल्या लेखात नागपूर येते, ते खाण्यापिण्याच्या आणि ऐसपैस बोलण्याच्या चेष्टेसह. वऱ्हाडचा शेतकरी, कापसाचा हंगाम, पाण्याची ओढाताण हे त्यांच्या लेखनात जवळजवळ नाही. विलायतेत त्यांना माणसे भेटली, तशी वाशीम-यवतमाळच्या वाटेवर भेटली असती तर मराठी प्रवासवर्णनाला अजून एक पुस्तक मिळाले असते, असे वाटून जाते.

पण या कुरकुरीत एक तपशील विसरला जातो. पुलंचे पहिले व्यक्तिचित्र १९४४ मध्ये ‘अभिरुची’ नियतकालिकात आले, ते ‘भय्या नागपूरकर’. ज्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला पुढे १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या मालिकेची सुरुवात विदर्भातल्या माणसाने झाली. मुंबईत वाढलेल्या पंचविशीतल्या तरुणाने पहिल्यांदा कुणाचा आवाज कागदावर धरला असेल, तर तो नागपुरी ढंगात बोलणाऱ्याचा. वेगळी मराठी ऐकली की कान टवकारायचे, हा गुण तिथूनच दिसतो.

पुलंचे निधन १२ जून २००० रोजी पुण्यात झाले. सुनीताबाईंशी त्यांचा विवाह झाला होता तोही १२ जूनलाच, १९४६ साली रत्नागिरीत. त्यांच्या रेडिओच्या कामाचा अंदाज घ्यायचा असेल, तर ‘रेडिओवरील भाषणे आणि श्रुतिका’ हे दोन भाग उपलब्ध आहेत. ते मनातल्या मनात वाचू नयेत. घरात कुणी लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावेत, कारण ते लिहिले गेले होते अशाच ओसरीवर जमलेल्या श्रोत्यांसाठी. अकोला, अमरावती आणि यवतमाळ या तीन आकाशवाणी केंद्रांच्या मधोमध असलेल्या कारंज्यात रेडिओ आता बहुधा मोबाइलवरच लागतो, आणि त्यावर पेटीची साथ कुणालाच खटकत नाही.